गाडीत राहिलेला राखीव सेट

प्रिय धाकट्या,

क्लबातल्या तुझ्या व्याख्यानाचं कौतुक अजून कानावर येतंय. विषय म्हणे ‘डोंगरमाथ्यावरून हौशी वायरलेस, कमीत कमी वजनात’. टूथब्रशची दांडी कापून वजन वाचवणारा माणूस बोलणार म्हटल्यावर गर्दी होणारच. दांडी कापलीस तेव्हाच मी म्हटलं होतं, बाबा रे, त्यापेक्षा पोट जरा कमी कर. तू हसला नाहीस. विनोद कळायला थोडं डोकं बरोबर न्यावं लागतं, आणि तू तेही वजन म्हणून घरी ठेवतोस.

माझ्या राखीव सामानाला तू ‘ताईचा संसार’ म्हणायचास. काय होतं त्या संसारात? तळहाताएवढा एक वायरलेस सेट, भरलेली बॅटरी आणि अँटेनाची गुंडाळलेली तार. सगळं मिळून जेवणाच्या डब्याहून हलकं. तुझा महागडा सेट बंद पडला तर माथ्यावरून कुणाला तरी हाक मारता यावी, एवढ्यासाठीच.

आणि त्या दिवशी पडलाच बंद. आपण तिघं माथ्यावर पोचलो, तू तार ताणलीस, दोघांशी ऐटीत बोललास आणि तुझ्या त्या बिस्किटाएवढ्या बॅटरीनं थंडीत मान टाकली. तेवढ्यात तुझ्या बायकोचा खडकावरून पाय घसरला. घोटा बघता बघता सुजला. मोबाइलला रेंज नाही. मी पिशवीत हात घातला, तर सेट नाही. तू शांतपणे म्हणालास, “अगं, तो मी निघतानाच गाडीत काढून ठेवला. उगाच ओझं.” पाठ माझी, पिशवी माझी, आणि दया तुला आली!

मी एकटीच खाली उतरले आणि वनखात्याच्या चौकीतून माणसं, स्ट्रेचर घेऊन परत वर आले. दुपार उलटली होती. ती बिचारी वाऱ्यात कुडकुडत होती आणि तू तिच्याकडे पाठ करून, काखेत बॅटरी धरून बसला होतास. बॅटरीला ऊब देत!

हेही मी गिळलं असतं. लहानपणापासून तुझं पुष्कळ गिळलंय. पण व्याख्यानात कुणीतरी विचारलं, राखीव सेट नव्हता का, तर तू म्हणालास, “ताई विसरली.” शेवटच्या रांगेत कुबड्या घेऊन तुझी बायको बसली होती. माझ्या घरून, मला न सांगता, तुझं कौतुक ऐकायला गेली होती वेडी. परत आली आणि मला सगळं सांगितलं. रडली नाही, हेच मला बरं वाटलं नाही.

आता मुद्द्याचं. तुझ्याकडे जिने आहेत म्हणून ती माझ्याकडे राहायला आली. पाय बरा झाला, तरी परत जायचं नाव काढत नाही. पडल्या पडल्या अभ्यास करून तिनं वायरलेसचा परवाना मिळवलाय, हे तुला ठाऊकही नसेल. येत्या रविवारी आम्ही दोघी त्याच डोंगरावर जातोय. चढाई नोंदली जायला माथ्यावरून चार जणांशी बोलणं व्हावं लागतं, ते तुला मी सांगायला नको. तिघं मी ठरवलेत. चौथा तू असावास, असं ती म्हणते. मी नाही म्हणत. तर सकाळी घरच्या सेटपाशी बस. सगळा क्लब ऐकत असेल. तिची हाक आली की आधी सांग, “सेट ताई विसरली नव्हती, मी काढला होता.” मग तिला विचार, पाय कसा आहे. अजून एकदाही विचारलेलं नाहीस म्हणे.

काही झालं तरी तुझीच,
ताई