कोथिंबीर झाली की

सांगली, २४ नोव्हेंबर १९९६

प्रिय श्रद्धास,
उमावहिनीचे अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

भाऊबीज आटोपून तू साताऱ्याला गेलीस आणि तुझ्या पोरांनी माझी स्वयंपाकघरातली खिडकी बळकावली. रिकाम्या डब्यांना खिळ्याने भोकं पाडून ऋचाने पुदिना, पानओवा आणि मुख्य म्हणजे कोथिंबीर लावली आहे. धने रगडायचं काम धवलकडे होतं. निम्मे कपाटाखाली गेले. चार वर्षांच्या गृहस्थाकडून आणखी काय अपेक्षा!

निघताना तू सहज म्हणालीस ना, कोथिंबीर झाली की येईन, ते ऋचाने घट्ट धरून ठेवलंय. शौनकराव गेल्यावर त्यांच्या संस्थेने तुला वसतिगृहावर घेतलं, तिथल्या मुली रविवारीही तुझ्या गळ्यात, हे मला समजतं. नऊ वर्षांच्या पोरीला कसं समजावू? तुझ्या दादांचा पाय प्लास्टरमध्ये नसता तर मीच दोघांना घेऊन एस.टी.त बसले असते. संक्रांतीची रजा आत्ताच मागून ठेव.

माया आहेच, ती पत्रातून कळत राहो.
तुझी उमावहिनी

सांगली, ५ जानेवारी १९९७

प्रिय श्रद्धास, अ. उ. आ.

रजा मंजूर झाल्याचं पत्र मिळालं, जीव भांड्यात पडला. आता इथली गंमत ऐक. गंमत म्हणावी की काय, ते तूच ठरव.

कोथिंबीर बोटभर वाढली होती. शेजारच्या तानुबाई येऊन म्हणाल्या, पोरी, लय दाट आलीया गं. झालं! नजर लागली म्हणून ऋचाने डब्यांवरून मीठमोहऱ्या उतरवल्या, मी धवलवरून उतरवते तशा. त्या विस्तवात टाकायच्या, पण शेगडीजवळ जायचं नाही ही माझीच ताकीद. म्हणून पठ्ठीने मूठभर मीठ डब्यांतच टाकलं! कोथिंबीर माना टाकून आडवी झाली. माती धुऊन पाहिली, काही उपयोग झाला नाही.

पोर रडत नाही गं. आता आई येणार नाही, एवढंच म्हणते. रजेचा नि कोथिंबिरीचा संबंध नाही हे सांगून माझं तोंड दुखलं. तू दारात दिसलीस की तिला आपोआप पटेल.

वाट पाहते आहे.
उमावहिनी

सातारा, १० जानेवारी १९९७

ती. सौ. वहिनींस, कृ. सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही. वसतिगृहात कांजिण्यांची साथ आली आहे. बारा मुली अंथरुणावर आहेत, दुसऱ्या बाई बाळंतपणाला गेल्या आहेत. माझी रजा रद्द झाली. मुलांना इकडे आणण्याचा तर प्रश्नच नाही.

पहिली मुलगी आजारी पडली ती ऋचाने मीठ टाकलं त्यानंतर. हे तिला कळू देऊ नका, वहिनी. तिची चूक नाही, एवढंच माझ्या नावाने सांगा. मीच नको तो शब्द देऊन बसले.

दादांना नमस्कार. मुलांवर तुमची माया आहे, म्हणून मी इथे उभी आहे.
तुमची श्रद्धा

सांगली, १९ जानेवारी १९९७

प्रिय श्रद्धास, अ. उ. आ.

संक्रांत झाली. तिळगुळाची डबी ऋचाने उघडलीही नाही. तुझा निरोप सांगितला, तिने ऐकून घेतला. त्या दिवसापासून तिने मीठ सोडलंय. आई येईपर्यंत अळणी खायचं, असं देवापुढे बोलली म्हणे. आमटी बाजूला सारते, शाळेच्या डब्यात पोळी नि गूळ नेते. मी रागावले, दादांनी जवळ घेऊन समजावलं. ढिम्म हलत नाही. काल धवलही ताटातलं मीठ पुसून टाकत होता.

माझ्याच्याने हे होत नाही गं. सांग, काय करू?
उमावहिनी

सातारा, २३ जानेवारी १९९७

ती. सौ. वहिनींस, सा. न. वि. वि.

तिला मारू नका, बळेच भरवू नका. दुसरं काही सुचत नाही. साथ थांबली की पहिल्या गाडीने निघेन, पण तारीख लिहायचा धीर होत नाही.

आज दुपारी इथल्या एका मुलीला मऊ भात भरवत होते. तुमचं पत्र उशाशीच होतं. भात अळणी लागतो, म्हणून ती रुसली. मी उठून तिला मीठ वाढलं.

तुमच्या मायेची भुकेली,
श्रद्धा