पापुद्रा सुटण्याबाबत

देजॉन, १९ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप मामांना,

दोक-ग्यूचा गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून नमस्कार. (प्रत्यक्षात मी खुर्चीवर बसलोय, पण नमस्कार तेवढाच खरा समजावा.) जुमुन्जिनला समुद्रावरचा वारा आता बोचायला लागला असेल. मामींचे गुडघे काय म्हणतात? दुकान बरं चाललंय ना? तुम्ही पाठवलेली खारवलेल्या पोलॅक माशाच्या आतड्यांची बरणी पोचली. झाकण वाटेत सैल झालं होतं, त्यामुळे टपालवाला बरणी देताना मान दुसरीकडे वळवून उभा होता. चव मात्र नेहमीसारखी, एक घास भाताबरोबर पोटात गेला आणि डोळ्यांपुढे तुमचं दुकान उभं राहिलं. इकडे सर्व ठीक. तुमची तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण ती मला माहीत आहे.

रागावू नका. मामींचा फोन आला होता. तपासणी केंद्राचं पाकीट तुम्ही मिठाच्या पोत्याखाली ठेवलंत. मामा, जी बाई चाळीस वर्षं रोज सकाळी त्या पोत्यातून मीठ उपसते, तिच्यापासून वस्तू लपवायला तुम्हाला तेच पोतं सापडलं? मामींनी ते पत्र मला फोनवर अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं, शिक्क्यासकट, आणि वर म्हणाल्या, "मी सांगितलं असं सांगू नकोस हं." (मी सांगत नाहीये. तुम्ही वाचताय.) जठराच्या अस्तरावर दीड सेंटिमीटरचा डाग आहे. तुकडा काढून तपासला, कर्करोग निघाला, पण अगदी सुरुवातीचा, वरच्या पापुद्र्यापुरता. ताबडतोब मोठं रुग्णालय गाठा, असं लिहिलंय. त्या "ताबडतोब"ला आज पाच आठवडे झाले. तुम्ही मामींना म्हणालात की किमचीचा हंगाम होऊन जाऊ दे. नोव्हेंबरात अख्खा देश कोबीची किमची घालतो आणि तीत घालायच्या खारवलेल्या मासळीसाठी तुमच्या दारात रांग लागते, कबूल. पण त्यानंतर नवं वर्ष येणार, मग पोलॅक येणार, मग माकूळ येणार. तुमच्या पंचांगात पोटासाठी मोकळा दिवस मला तरी दिसत नाही.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोन तुम्ही ठेवून देता. मागच्या वेळी मी नुसतं "मामा, पोट" एवढंच म्हणालो, तर तुम्ही म्हणालात, "तुझी ती चिप वीज गेली तरी काही विसरत नाही म्हणे. तू मात्र वीज असताना आईच्या श्राद्धाची तिथी विसरतोस. आधी स्वतःची दुरुस्ती कर." आणि खट्ट. बोललात ते खरंच होतं, म्हणून मी परत फोन केला नाही. पत्र तुम्हाला ठेवून देता येणार नाही. फार तर मिठाच्या पोत्याखाली घालाल, आणि मग ते कुणाच्या हाती लागेल हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे.

आता मी जे सांगणार आहे ते थोडं लांबचं वाटेल, पण शेवटी तुमच्या पोटापाशीच येतं, तेव्हा धीर धरा. बाजारात तुम्ही सगळ्यांना सांगता की भाचा कॉम्प्युटर दुरुस्त करतो. भाचा कॉम्प्युटर दुरुस्त करत नाही. (घरचाही नाही. त्याला शेजारची मुलगी येते.) भाचा सिलिकॉनच्या चकतीवर पापुद्रा चढवतो. केसाचे उभे दहा हजार काप केले तर एक काप जेवढा जाड होईल, तेवढा. या पापुद्र्याला विजेचा एक झटका दिला की तो झटका कुठल्या बाजूने आला हे त्याच्या लक्षात राहतं, वीज काढून घेतली तरी राहतं. झाली स्मृती. एकच दुखणं आहे, भट्टीत भाजला की तो खालच्या थरापासून सुटतो. अकरा वर्षं मी एवढ्या एकाच गोष्टीशी झटतोय: पापुद्रा सुटू नये. तुमचा भाचा सुटलेल्या पापुद्र्यांच्या देशात अग्रगण्य माणूस आहे.

इथे आपल्या भाषेने घात केला. मी बनवतो तो बाक-माक, आणि पोटाचं आतलं अस्तर म्हणजे जोम-माक. पुढचं एक अक्षर काढलं की दोन्ही नुसते माक. बरं, सुटणं, सोलून निघणं, याला तर दोन्हीकडे एकच शब्द. या वसंतात मी नव्या प्रकल्पासाठी अर्ज भरायला बसलो. ऑनलाइन फॉर्म, आणि शीर्षकाला मोजून दहा अक्षरं. माझं शीर्षक होतं एकतीस अक्षरांचं. मी कापत गेलो. "इलेक्ट्रॉनिक" गेलं, "स्मृती" गेली, (हो, मामा, स्मृतीच मी पहिल्या झटक्यात कापली, टोमणा तयार ठेवा) आणि शेवटी उरलं "माक सुटणे: नियंत्रण". मला ते फार सुटसुटीत वाटलं. कार्यालयातल्या कुणालातरी ते वैद्यकीय वाटलं.

जूनमध्ये मुलाखतीचं बोलावणं आलं. लांबट टेबलापलीकडे सात माणसं, सगळ्यांचे हात कमालीचे स्वच्छ. मला वाटलं, हल्ली आमच्या क्षेत्रात बरीच शिस्त आलेली दिसते. मधोमध अध्यक्ष बसल्या होत्या, सनवू नावाच्या, साठीला आलेल्या, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी विचारलं, "आजवर किती केलेत?" मी म्हणालो, बारा हजारांच्या वर. सातही माना वर झाल्या. "एकट्यानं?" नाही, दोघं हाताखाली आहेत. "त्यातले दहा वर्षं टिकतील असे किती?" मी खोटं बोलत नाही, मी सांगितलं, सतरा. टोकाला बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी अगदी हळू विचारलं, "आणि बाकीच्यांचं काय झालं?" मी म्हणालो, बाकीचे सोलवटले, ते फेकून दिले. पण त्याचं वाईट वाटून घेऊ नका, सहाशे अंशांवर भाजल्यावरही जो तग धरतो तोच आपल्या कामाचा. त्या गृहस्थांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. सनवूबाई म्हणाल्या, "हामसाहेब, हे सगळं तुम्ही कुणाच्या पोटात करता?" मी म्हणालो, पोटात कशाला, सिलिकॉनवर. त्यावर बाई अशा हसल्या की त्यांना उठून बाहेर जावं लागलं. भिंतीपलीकडूनही ऐकू येत होतं. ते सातही जण पोटाच्या कर्करोगाचे डॉक्टर होते.

मी कागद गोळा करून निघालो होतो. बाई डोळे पुसत परत आल्या आणि म्हणाल्या, "बसा हो. तुमचा पापुद्रा सुटू नये म्हणून तुम्ही रडता, आमचा नीट सुटावा म्हणून आम्ही रडतो. दोघांनी एकदा भेटायला हवंच होतं." त्यांचं रडणं असं होतं की रोगट अस्तर सोलून काढल्यावर आत जखम राहते आणि ती कधीकधी दोन दिवसांनी वाहते. त्यावर बसवायला त्यांना पापुद्रा हवा होता, ओल्यात चिकटणारा आणि तीन-चार दिवस न सुटणारा. न सुटण्याबद्दल देशात जास्तीत जास्त चुका केलेला माणूस समोर आयताच बसला होता. प्रकल्प मंजूर झाला. आता माझ्या खोलीबाहेर पाटी आहे, "इलेक्ट्रॉनिक स्मृती व जठराचा कर्करोग यांसाठीचे पापुद्रे". फ्रिजमध्ये डब्यांशेजारी डुकराची जठरं असतात. फाटकावरचे योमकाका रोज मला थांबवून त्यांच्या आंबट ढेकरांचा वृत्तांत देतात. मी सांगून थकलो की मी डॉक्टर नाही. ते म्हणतात, पाटीवर लिहिलंय ना.

तर मामा, आता तुमच्याकडे येतो. ऑगस्टमध्ये बाईंनी मला त्यांच्या कामाच्या खोलीत नेलं, आणि सोलणं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पोट कुणी कापत नाही. नीट वाचा, पोटावर सुरी लागतच नाही. तोंडावाटे नळी जाते, माणूस झोपलेला असतो. डागाखाली टोचून खारट पाणी सोडतात, की अस्तर फोडासारखं वर उचललं जातं. (माझ्या पापुद्र्याखाली पाण्याचा थेंब गेला की माझा आठवडा बुडतो, आणि इथे ही बाई मुद्दाम पाणी घालते. मी खुर्ची घट्ट धरली होती.) मग कडेने चीर देऊन हळूहळू सोलत जातात. तुम्ही माकुळाच्या कडेला टोकाने एक खाच पाडता आणि मग साल अखंड ओढून काढता ना, अगदी तसं. तासाभरात एवढासा गोल तुकडा थाळीत पडला, नाण्याएवढा. तो माणूस चौथ्या दिवशी तांदळाची पेज पिऊन घरी गेला आणि जाताना पेज पाणचट असल्याची तक्रार करून गेला. पण हे होतं कधी, तर डाग वरच्या पापुद्र्यात असेतो. खाली उतरला की सोलून भागत नाही, मग जठरच काढावं लागतं, आणि त्याहून पुढे गेला तर तेही नाही. तुमचा आज वरच आहे. आणखी दोन हंगामांनी कुठे असेल हे सनवूबाईंनाही सांगता येत नाही.

तुमच्या मनात काय आहे हे मला ठाऊक आहे. तुम्हाला वाटतं, चाकू लागला की आत हवा शिरते, आणि हवा लागली की हा रोग पसरतो. बाजारात निम्मे लोक हेच बोलतात. तुमचा विश्वास बसला तो आईमुळे. रुग्णालयाची लिफ्ट बंद होती म्हणून तुम्ही तिला पाठीवर घेऊन तीन मजले चढलात. डॉक्टरांनी पोट उघडलं, पाहिलं आणि तसंच शिवलं, आणि ती पुढच्या पौर्णिमेआधी गेली. तेव्हापासून तुम्ही म्हणता की हवा लागली. मामा, हवा नाही लागली. आई वर्षभर जळजळ होते म्हणून सोडा पीत होती आणि कुणाला बोलली नव्हती, कारण माझी पीएच.डी.ची शेवटची परीक्षा होती. उघडलं तेव्हाच सगळीकडे पसरलेलं होतं. तुम्ही तिला नेलंत म्हणून ती गेली नाही. हे मी तुम्हाला बावीस वर्षांत कधी सांगितलं नाही, कारण मला वाटायचं की तुम्हाला माहीत असेल. जून महिन्यापासून त्या डॉक्टरांत ऊठबस झाली तेव्हा कळलं की तुम्हाला कुणी नीट सांगितलंच नसणार. तुम्ही आईला उशिरा नेलं नाहीत. तिनेच आपल्याला उशिरा सांगितलं. तुम्ही तेच करू नका. मला फार राग येतोय, आणि तो तुमच्यावर नाही.

जास्त बोललो असेन तर समोर आल्यावर दोन रट्टे द्या, पन्नाशीतल्या भाच्याला अजून चालतात. मामींना नमस्कार. थंडी वाढते आहे, पहाटे बंदरावर जाताना कानटोपी घाला.

तुमचा भाचा,
हाम दोक-ग्यू

ता. क. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात, म्हणून न विचारता सनवूबाईंच्या यादीत तुमचं नाव घातलं आहे. ३० ऑक्टोबर, गुरुवार. किमचीच्या गर्दीच्या आधी तुम्ही गल्ल्यावर परत बसलेले असाल. तेवढे दिवस दुकान मामी बघतील, त्या म्हणाल्या तुम्ही नसताना जरा शांतपणे आवरता येईल.

आणखी ता. क. गुरुवारी येऊ नका, मंगळवारीच या. ऑगस्टमध्ये ते सोलणं बघून मी मोठ्या ऐटीत बाहेर आलो, तेव्हा सनवूबाईंनी विचारलं, "आईला हाच रोग होता म्हणालात. तुम्ही शेवटची नळी कधी घालून घेतलीत?" मी बावन्न वर्षांचा आहे, मामा. दर दोन वर्षांनी पोटाच्या तपासणीची सरकारी चिठ्ठी येते, आणि दर दोन वर्षांनी माझं काहीतरी भट्टीत असतं. एकदाही गेलेलो नाही. महिन्याभरापासून मलाही जेवल्यावर जळजळ होते. बुधवारी सकाळी नऊची वेळ घेतली आहे. झोपवून नळी घालतात, म्हणून सोबत जबाबदार माणूस असल्याशिवाय आत घेत नाहीत. घरी हिला सांगितलेलं नाही, ती आधी रागावेल आणि मग रडेल, तुम्ही नुसते रागावाल, तेवढं मला झेपतं. फॉर्मवर "सोबत येणाऱ्याचं नाव" या रकान्यात मी तुमचं नाव लिहून दिलं आहे, पेनाने. मला एकट्याला भीती वाटते, मामा. या.