मागच्या बाजूचा दिवा

१० फेब्रुवारी २००८, नालवाडी

आलो बुवा एकदाचे! आष्टीच्या घरात चार भावांचे संसार आणि न्हाणीघर एक. सकाळी अंघोळीला नंबर लावण्यात माझी निम्मी जवानी गेली. आता वर्ध्यात पंपांच्या सुट्या भागांचं स्वतःचं दुकान आणि नालवाडीच्या टोकाला, नव्या लेआउटमध्ये, स्वतःचं घर. अंजू सकाळपासून भिंतींवरून हात फिरवत हिंडतेय. रुचिकाने आल्या आल्या मागच्या अंगणाचा ताबा घेतला. सहा वर्षांची पोर, पण मला बजावून सांगितलं की इथे चपला घालून यायचं नाही. अंगणापलीकडे तारेचं कुंपण, मग एक पडीक शेत, त्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाभळी. संपलं वर्धा.

शेजारच्या रुख्माबाई सोलेभात घेऊन आल्या. ही सगळी लेआउटची जमीन त्यांचीच होती. मागचं शेत तेवढं त्यांनी विकलेलं नाही. बाई मोठ्या ऐटीच्या, हातात पाटल्या, तोंडाचा पट्टा सुरू. जाताना एकच गोष्ट निक्षून सांगितली, की मागच्या बाजूला रात्री दिवा लावायचा नाही. "आमच्या इकडं कोनीच नाई लावत, बापा." कारण विचारलं तर म्हणाल्या, भात थंडा होऊन राह्यला, आधी खा. शेजारधर्म म्हणून एवढं ऐकायला आपलं काय जातं?

२४ फेब्रुवारी

बोअरची मोटर चोरीला गेली. पंपांच्या दुकानदाराच्या घरची मोटर! दुकानात गिऱ्हाइकं हसू दाबत सांत्वन करून गेली. पोलिसाने कुंपण पाहिलं, चहा घेतला आणि मागे एक मोठा बल्ब लावायचा सल्ला दिला. मी खांबाला होल्डर ठोकतोय तोच भिंतीपलीकडून रुख्माबाईंनी हात जोडले. अगदी खरे, कोपरापासून जोडले. म्हणाल्या, चोराचं काय ते मी पाहीन, पण दिवा नको. एवढी ऐटबाज बाई हात जोडते म्हटल्यावर मला कसंतरीच झालं. होल्डर राहिला, बल्ब नाही लावला.

अंजूचं म्हणणं, शेजारीण सांगेल तसं वागायचं तर मग मोटरी नेऊ द्याव्यात चोरांना.

२ मार्च

उपाय सापडला. आज नागपूरला सीताबर्डीत गेलो होतो. बल्ब न लावता अंधारात पाहणारा कॅमेरा मिळतो!

दुकानदाराने काउंटरवर दहा नमुने मांडले. एक उपड्या वाटीसारखा, तो छताखाली बरा, पण पावसात टिकणार नाही. एक नुसताच खोटा, आत काही नाही, फक्त लाल ठिपका लुकलुकतो. चोराला घाबरवायला म्हणे. आमच्याकडचा चोर तो ठिपकाही काढून नेईल. मग नळकांड्यासारखे, भिंतीवर लावायचे. त्यांच्या काचेभोवती हरभऱ्याएवढे दिवे असतात आणि त्यातून निघणारा उजेड माणसाला दिसतच नाही, फक्त कॅमेऱ्याला दिसतो. दिवे जितके जास्त, तितकं लांबचं दिसणार. "चोर को अंधेरा, आप को दिन," दुकानदार म्हणाला. मी सगळ्यात जास्त, छत्तीस दिव्यांचा घेतला. कुंपणच काय, धुऱ्यापर्यंत दिसायला हवं. लोडशेडिंगमध्ये बंद पडू नये म्हणून इन्व्हर्टरलाही जोडणार आहे.

४ मार्च

बसवला. वायर आतल्या टीव्हीला जोडली. रंग नाही, सगळं करडं, पण अंगणातली तुळस, कुंपण, पलीकडचे बाभळीचे बुंधे स्वच्छ दिसतात. मांजर गेलं तर त्याचे डोळे दोन काजव्यांसारखे चमकले. रुचिकाने टाळ्या वाजवल्या.

रुख्माबाईंना मुद्दाम बोलावलं, मागच्या दारात उभं केलं आणि दाखवलं, की बघा, दिवा नाही. त्यांनी अंधारात खात्री करून घेतली. "लई चांगलं केलं बापा, तुनं माहा शबद राखला," म्हणाल्या. चोरही धास्तावेल आणि शेजारीणही खूश. स्वतःची पाठ थोपटून घ्यावीशी वाटतेय.

१५ मार्च

कुंपणापलीकडे पोरं येतात. सकाळी नाही, अंधार पडल्यावर. आधी नुसते डोळे दिसले, जमिनीपासून फार वर नसलेले, मला वाटलं कुत्री. मग एक उभं राहिलं. वीटभट्टीवरच्या मजुरांची असतील. पण इतक्या उशिरा त्यांच्या आया काय करतात? मी मागचं दार उघडून ओरडलो. बाहेर काळोख, काही दिसेना. आत येऊन टीव्ही पाहिला तर जागच्या जागी उभी होती, माझ्याकडेच बघत.

रुचिका म्हणते, ती तिच्याशी खेळायला येतात. तिला विचारलं, रोज इथेच काऊन येतात? तर म्हणाली, आपल्या घरी लाइट असतो ना, म्हणून. मी म्हटलं, बाई, आपल्या मागे लाइट नाही. ती म्हणाली, त्यांना दिसतो.

अंजू हसली. मीही हसलो. पण आज जेवण गेलं नाही.

२३ मार्च

ती कुंपणाच्या आत आलीत. तार कुठेच वाकलेली नाही. चालताना अडखळत नाहीत, इकडेतिकडे बघत नाहीत. सरळ कॅमेऱ्याकडे चेहरा करून येतात आणि थांबतात. सकाळी मागच्या भिंतीवर मातीचे हात उमटलेले होते, माझ्या कमरेच्याही खाली.

शेवटी रुख्माबाईंना बोलावून टीव्ही दाखवला. त्या उभ्या होत्या त्या खालीच बसल्या. म्हणाल्या, दिवा नाई म्हन्ता, मंग हे दिसून कसं राह्यलं? मी समजावून सांगू लागलो, की यात उजेड असतोच, फक्त आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही. 

मग त्यांनी सांगितलं. देवीच्या साथीत गेलेली मुलं जाळत नसत, पुरत. गावाने ती या धुऱ्यावर पुरली. "लेकरू दिवा पाहून घर वळखते. दिवा दिसला का त्याले वाटते, माही माय वाट पाहून राह्यली." म्हणून या बाजूला कोणी दिवा लावत नाही. आणि मी, शबद राखण्याच्या नादात, रोज रात्री त्यांच्या तोंडावर छत्तीस दिवे लावून ठेवले.

मी त्यांच्यावर ओरडलो. हे आधी सांगायला तोंडाला काय झालं होतं? त्या रडत होत्या. अशा गोष्टी सांगितल्या तर प्लॉट कोणी घेतला असता, म्हणाल्या.

२४ मार्च

दिवेलागणीला कॅमेरा काढला. शिडीवरून उतरलो आणि रुचिकाला हाक मारली.

नाही.

मागचं दार उघडं. तिच्या चपला पायरीवर, नीट शेजारी शेजारी. सगळा लेआउट शोधला. विहिरी, नाला, भट्टी. ती त्यांच्याबरोबर खेळायला गेली असताना मी दिवा काढला. मी काढला.

२९ मार्च

पोलीस पाणबुडे घेऊन आले आणि गेले. आष्टीहून भाऊ आले. अंजू कोणाशी बोलत नाही. देवा, माझं काहीही घे, दुकान घे, डोळे घे, पण पोर दे. असं मी आज भर रस्त्यात, मोठ्याने म्हणालो. लोकांनी बाजूला बसवलं.

३ एप्रिल

रुख्माबाई आल्या. म्हणाल्या, एक उपाय आहे. तसाच दिवा परत लावा, बाकीचे सगळे दिवे विझवा. ती येतील आणि रुचिका त्यांच्यात असेल. आपलं लेकरू उचलायचं, घरात घ्यायचं, दिवा बंद करायचा. एकच. ज्याला उंबऱ्याआत घ्याल ते तुमचं. दुसरं मग घेता येत नाही. त्यांच्या सासूने एकदा केलं होतं तसं.

मी विचारलं, खरं मूल आलं होतं का? त्या पाटल्या फिरवत बसल्या.

नागपूरहून आणखी चांगला कॅमेरा आणला. दुकानदार विचारत होता, किती लांबचं पाहिजे? मी म्हटलं, चेहरा. चेहरा ओळखू आला पाहिजे. तो म्हणाला, अंधारात इतकं तर कोणताच —

५ एप्रिल

चंद्र नाही. लाइट गेलेली, सगळा लेआउट काळा. कॅमेरा आणि टीव्ही इन्व्हर्टरवर. खिडक्यांना चादरी लावल्यात.  चूक होऊ नये म्हणून लिहितोय. पिवळा फ्रॉक. उजव्या गालावर तीळ. पुढचा एक दात पडलेला.

आली —

खूप आहेत. सगळ्यांचे चेहरे पांढरे. फ्रॉक करडे, सगळेच करडे. पिवळा कसा ओळखू? तीळ दिसत नाही. तोंडं मिटलेली.

एक पुढे निघाली. तिच्यासारखीच चालते, टाचा उचलून. सरळ येतेय. अंजू म्हणते हीच, हीच माझी. दार उघडून गेली —

थांब. बाहेर मिट्ट काळोख आहे. ढेकळं, तार, बाभळीचे काटे — ही न ठेचकाळता सरळ येतेय. तिला हा उजेड दिसतो. रुचिकाला कसा दिसेल? मलाच दिसत नाही. जिवंत माणसाला दिसतच नाही. तिच्यासाठी बल्ब लावायला हवा होता, साधा बल्ब, मी — अंजू, नको —

उचललं. गळ्यात हात टाकलेत तिने. अंजू हसतेय. आत आणतेय. उंबरा —

आणि मागे, धुऱ्यापाशी, एकच पोर, दोन्ही हात पुढे करून चाचपडतेय. बाभळीला धडकली. पडली. उठली. घराकडे पाठ करून, पलीकडे — अगं इकडे, इकडे बघ — रुचि