फुटक्या फरशांचं प्रशस्तिपत्र

४ फेब्रुवारी

चि. मास्तर यास अनेक आशीर्वाद.

निवृत्त झालास तरी माझ्या पत्रातल्या चुकांवर लाल खुणा करून ते परत पाठवतोस. असो, खोड जायची नाही.

बागेतली फरसबंदी झाली आणि आठ दिवसांत तिची वाटही लागली. बाहेरच्या भिंतीला गिलावा करायला आलेल्या कंत्राटदाराने नव्या फरशांवरच परांची उभारली, वर गोण्या आपटल्या, सिमेंटही तिथेच कालवलं. सहा फरशा तडकल्या, पायरीजवळची तर डुगडुगते. त्याला दाखवलं तर म्हणाला, बसेल हळूहळू. मी म्हटलं, फरशीच्या आधी आमचे हे बसतील.

अर्धांगाच्या झटक्यानंतर ह्यांना एकच हवंय, वॉकर घेऊन, कुणाचा हात न धरता, बागेतल्या बाकापर्यंत जायचं. म्हणून तर ही फरसबंदी. आता ते खिडकीत बसून तडे बघतात आणि मला ते बघवत नाही. त्या माणसाला लाज वाटेल असं पत्र लिहून दे.

तुझी वैतागलेली,
ताई

९ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस, सा. न. वि. वि.

वाचून पित्त खवळलं. पण तू शिव्या देऊ नकोस, तुला त्या नीट जमत नाहीत. अशा माणसाला शालजोडीतलेच द्यावे लागतात. पुढचा मजकूर उतरून काढ आणि सही कर.

"आमच्या फरसबंदीवर आपण दाखवलेली कारागिरी पाहून आम्ही थक्क झालो. इतक्या थोड्या वेळात इतका बदल घडवणारा माणूस आम्ही पाहिला नव्हता. आपली आठवण आम्हाला पावलोपावली येत राहील."

त्या 'पावलोपावली'वर मी दोन दिवस घालवलेत. काना-मात्राही बदलू नकोस. भाऊजींना सांग, आठवड्याभरात तो तोंड लपवत येईल.

तुझा लोभ फरशांपेक्षा जास्त टिको.
मास्तर

२१ फेब्रुवारी

चि. मास्तर यास आशीर्वाद.

तुझं पत्र फारच लागू पडलं. कंत्राटदाराचे डोळे भरून आले. वीस वर्षांत कुणी दोन चांगले शब्द लिहून दिले नव्हते म्हणाला. पत्र काचेत मढवून ऑफिसात टांगलंय, खाली माझी ठसठशीत सही. ते वाचून शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी गच्चीचं काम त्याला दिलं आणि वर माझे आभार मानले. तू शालजोडीतला दिलास, त्याने शाल तेवढी पांघरली.

परवा मी आंघोळीला गेले असताना हे एकटेच निघाले आणि त्या डुगडुगत्या फरशीवर कोसळले. हाड वाचलं, गुडघा फुटला. तेव्हापासून वॉकरला हात लावत नाहीत. मी खूप रडले. तुझाही राग आला, तोही कळवते.

आज कंत्राटदाराला माझं मीच लिहिलं. तुम्ही फोडलेल्या फरशीवरून माझा नवरा पडला, सहाही बदलून द्या, आणि हेही मढवून लावा.

ताई

२५ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस, सा. न. वि. वि.

चूक माझी. लिहिताना मी स्वतःच्याच वाक्यांवर खूश होतो, भाऊजींचा विचारच केला नाही. शनिवारी येतो. राग ओसरला नसेल तरी दार उघड.

मास्तर

११ मार्च

चि. मास्तर यास अनेक आशीर्वाद.

तू येऊन गेलास, बरं वाटलं. तू गेल्यावर दुसऱ्याच दिवशी कंत्राटदार आला. माझी चिठ्ठी आठवडाभर खिशात घेऊन फिरत होता म्हणे. सहाही फरशा त्याने स्वतः बसून बदलल्या. जाताना म्हणाला, एवढंच आधी लिहायचं होतंत.

नंतर आठ दिवस हे त्या बाजूला फिरकले नाहीत. काल मात्र मला म्हणाले, स्वयंपाकघरात जा, दार लावून घे, बघू नकोस. मी दाराला कान लावून वॉकरचा ठक ठक आवाज ऐकत राहिले. मग तो थांबला. मी घाबरून धावले, तर हे बाकावर पाठमोरे बसलेले. मान न वळवता म्हणाले, कुणी बोलावलंय तुला, आत जा.

मी आत गेले.

तुझी,
ताई