वेगळ्या अंगठ्याचं पाऊल

अदिस अबाबा

प्रिय आप्पा,
सप्रेम जय भीम.

मी बरी आहे. इथली आंबट भाकरी आता आवडायला लागलीय, जेवणाची काळजी करू नका.

आई फोनवर म्हणाली, "शुगरपायी अंगठा काढला, तवापासनं तुझं आप्पा दाराबाहेर पडत न्हाईत. लोकं चाल बघत्यात म्हंत्यात." तेव्हापासून माझं कामात लक्ष लागेना.

काल मी काम करते त्या संग्रहालयात, तिथल्या अल्माझ मॅडमनी मला चौतीस लाख वर्षांपूर्वीच्या, माणसाच्या पूर्वजांसारख्या एका जीवाच्या पायाची हाडं दाखवली. त्याचा अंगठा हाताच्या अंगठ्यासारखा बाजूला वळलेला, फांदी धरायला. तरी तो जीव जमिनीवर दोन पायांनी चालायचा.

मी विचारलं, "म्हणजे याला अजून नीट चालता येत नव्हतं?"

मॅडम म्हणाल्या, "त्याच काळात, जवळच, आपल्यासारख्या पायाचे दुसरे जीवही चालत होते. याची चाल वेगळी होती एवढंच."

आप्पा, मला एकदम तुम्हीच दिसलात. जखम भरली का? बारामतीच्या डॉक्टरांनी दिलेले बूट टोचत तर नाहीत ना? संध्याकाळी आईबरोबर कॉलनीत थोडं फिरत जा.

जानेवारीत मी येतेय. वालचंदनगरच्या एसटी स्टँडवर मला न्यायला तुम्हीच या. उशीर झाला तरी चालेल, मी बॅगेवर बसून वाट बघेन.

तुमचीच लेक,
प्रियदर्शनी