पाचवे उद्दिष्ट पुन्हा यादीत घेण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
दर्यातीर सुपारी बागायतदार सहकारी संघ,
मु. पो. दिवेआगर, ता. श्रीवर्धन, जि. रायगड.

विषय : तळा येथील बदली रद्द करणे व अर्जदाराचे खोडलेले पाचवे उद्दिष्ट यादीत पूर्ववत घेणे याबाबत.

संदर्भ : आपला बदलीचा आदेश, दि. २३ फेब्रुवारी २०२६.

महोदय,

१. अर्जदार सौ. आश्लेषा देवव्रत बापट ही आपल्या संघात कनिष्ठ लिपिक आहे. तिला राही नावाची दोन वर्षांची मुलगी आहे. या दोन्ही गोष्टी आपणांस ठाऊक असूनही पुन्हा लिहाव्या लागत आहेत, कारण आपल्या आदेशात मुलीचा उल्लेख आरंभापासून शेवटपर्यंत ‘घरगुती अडथळा’ असा आहे. सदर अडथळ्याचे नाव राही आहे, याची कार्यालयीन नोंद घेण्यात यावी.

२. दिवाळीनंतर आपण संघाच्या खर्चाने लोणावळ्यास आत्मविकासाच्या शिबिराला गेलात. इतर माणसे लोणावळ्याहून चिक्की आणतात. आपण उद्दिष्टे आणलीत. प्रत्येक कर्मचाऱ्याने वर्षाची पाच वैयक्तिक उद्दिष्टे लिहून द्यावीत, ती भिंतीवर लावली जातील आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक उद्दिष्टाचे छायाचित्र पुरावा म्हणून खाली चिकटवावे, असे फर्मान निघाले. सुपारी कानाशी हलवून वाळली की नाही ते सांगणारी संघातली माणसे त्या दिवसापासून स्वतःलाच हलवून पाहू लागली. अर्जदारानेही आज्ञा पाळून यादी दिली : रोज पहाटे चालायला जाणे, महिन्याला एक पुस्तक वाचणे, कै. सासऱ्यांची पेटी पुन्हा वाजवणे, स्कूटर शिकणे, आणि पाचवे, एक कप चहा गरम असताना, बसून, एकटीने पिणे. पाचव्यावर आपण लाल शाईने काट मारलीत आणि बाजूला ‘हे उद्दिष्ट नव्हे, गांभीर्य ठेवावे’ असा शेरा दिलात. अर्जदाराच्या यादीत गंभीर असे तेवढे एकच होते.

३. उर्वरित चार उद्दिष्टांचा प्रगती अहवाल आपण मागितलात तो असा.

चालणे : पहाटे अर्जदार पायात चपला घालते तोवर राही जागी होते आणि सोबत निघते. वाडीत पडलेली प्रत्येक सुपारी तिला उचलायची असते, आणि मूठ भरली की आधीच्या सगळ्या टाकून पुन्हा पहिलीपासून सुरुवात करायची असते. तिच्या चालीने फाटकापर्यंत पोचेतो ऑफिसची वेळ होते. फाटकाच्या पुढे अर्जदार अद्याप गेलेली नाही.

पुस्तक : जानेवारीच्या पुस्तकाची पहिली प्रकरणे राहीने फाडून पाण्याच्या बादलीत धुतली. अर्जदाराने शेवट वाचला आहे. त्यातली माणसे एकमेकांवर इतकी का चिडली होती ते तिला कळलेले नाही.

पेटी : अर्जदार पेटीवर बसली की राही पेटीवरच बसते. सासूबाई कुमुदताई ओटीवरून म्हणाल्या, “अगो, रडवू नको तिला. तिला पट्ट्या दाबू दे, तू भाता मार.” तेव्हापासून अर्जदार भाता मारत आहे. राहीची प्रगती चांगली आहे.

स्कूटर : वाडीतली सुपारी उतरवणारा मोरू शिकवायला तयार झाला. “वहिनी, तुमी बसा बिनधास, मी मागना धरतो,” असे तो म्हणाला आणि त्याने धरलेही. पण पुढ्यात उभ्या असलेल्या राहीने चावी काढून अंगणात वाळत घातलेल्या सुपारीत फेकली. ती चावी पुढे आपल्याच गोदामात, अर्जदाराच्या घरून आलेल्या पोत्यात निघाली. त्यावर आपण ‘मालात परकीय वस्तू मिसळल्याबद्दल’ अर्जदाराकडून लेखी खुलासा मागवलात. खुलासा दिला आहे. चावी मात्र आपल्या कपाटातच आहे, त्यामुळे चौथे उद्दिष्ट सध्या आपल्याकडे प्रलंबित आहे.

४. हे सारे पाहून आपण आदेश काढलात की, घरगुती अडथळ्यांपासून दूर ठेवल्यास सदर कर्मचाऱ्यास उद्दिष्टपूर्तीसाठी पोषक वातावरण मिळेल, सबब तिने दि. १६ मार्चपासून तळा येथील नव्या खरेदी केंद्रावर हजर व्हावे. तळा हा भाताचा मुलूख. तिथे आपल्या केंद्रावर सुपारी घेऊन कोण येणार, हे शिबिरात सांगितले असावे. अर्जदाराला शिबिराचा लाभ झालेला नसल्याने तिला ते उमगलेले नाही.

५. आता तळ्याला जायचे म्हणजे काय, हे आपण विचारले नाहीत तरी अर्जदार सांगते. पहिल्या एसटीने म्हसळ्याला जायचे आणि पुढे मिळेल ते वाहन धरायचे. राही उठायच्या आत घर सोडायचे आणि ती झोपल्यावर घरी पोचायचे. सध्या अर्जदार दुपारच्या सुट्टीत घरी जाते, राहीला भात भरवते, मांडीवर झोपवते आणि परत कामावर येते. दुपारी राही दुसऱ्या कोणाच्या मांडीवर झोपत नाही. देवव्रत महाडकडच्या कारखान्यात पाळीवर असतात, घरी येतात ते आठवड्यातून एकदा. सासूबाईंचे गुडघे धरलेले आहेत. राही वाडीतल्या विहिरीकडे धावली, तर त्या जमिनीला हात टेकून उठेपर्यंत ती कठड्याशी पोचलेली असते. एकदा पोचली होती. शेजारच्या गोदूबाई नेमक्या पाणी काढायला आल्या होत्या, म्हणून निभावले. अर्जदाराला या गोष्टीची भीती वाटते. हे वाक्य कार्यालयीन भाषेत कसे लिहितात ते तिला ठाऊक नाही, म्हणून आहे तसे लिहिले आहे.

६. भिंतीवर आपली स्वतःची यादीही आहे आणि तिच्यातली पाचही उद्दिष्टे पूर्ण आहेत, याबद्दल अर्जदार आपले अभिनंदन करते. त्यातले ध्यानाचे छायाचित्र आपण मोठे करून पाण्याच्या फिल्टरच्या वर लावले आहे, त्यामुळे प्रत्येक घोटागणिक त्याचे दर्शन घडते. किनाऱ्यावर आपण मांडी घालून, पाठ ताठ ठेवून, समुद्राकडे तोंड करून बसलेले आहात. खाली ओळ आहे : ‘सूर्योदयसमयी, उगवत्या सूर्यासमोर, संपूर्ण एकांतात.’

महोदय, आपला जन्म याच गावचा. इथे सूर्य समुद्रात बुडतो. उगवतो तो आपल्या पाठीमागून, सुरूच्या बनावरून. शिबिराच्या पुस्तिकेत समुद्र आणि उगवता सूर्य एकाच ओळीत छापले असतील म्हणून तो बाजू बदलत नाही. उगवत्या सूर्याला पाठ दाखवून त्याच्यासमोर बसल्याचे लिहिणारा आणि ते भिंतीवर लावून रोज पाहणारा माणूस, कोणाच्या घरात कसला अडथळा आहे ते ठरवतो, याचे अर्जदाराला फार नवल वाटते.

पाठीमागून ऊन आले की छायाचित्र काढणाऱ्याची सावली पुढे पडते. तशी ती आपल्या छायाचित्रात पडली आहे, खालच्या कोपऱ्यात, वाळूवर. बाईची सावली आहे. एक हात फोन धरून वर गेलेला, एका कुशीला फुगवटा आणि त्यातून लोंबणारे दोन लहान पाय. कडेवर मूल असलेल्या बाईची सावली ओळखायला अर्जदाराला वेळ लागला नाही, रोज तिचीही तशीच पडते. तरी तिने कोणाला विचारले नव्हते. गेल्या आठवड्यात आपला डबा घेऊन आपल्या पत्नी नूतनवहिनी आल्या, कडेवर आपला धाकटा कान्हा होता. त्या छायाचित्राशी थांबून सगळ्यांसमोर हसत म्हणाल्या, “रोज मीच जात्ये ना काढायला. याला घरी ठेवला तर रडून गाव गोळा करतो, म्हणून यालाही घेत्ये. हलला फोटो की परत काढायला लावतात.” आपण तेव्हा आत फोनवर होतात.

नूतनवहिनींना बी.एड. पूर्ण करायचे होते, हे गावात सर्वांना माहीत आहे. त्यांची यादी कुठल्याही भिंतीवर नाही.

७. सबब विनंती की, तळा येथील बदली रद्द करण्यात यावी, पाचवे उद्दिष्ट यादीत पूर्ववत घेण्यात यावे, चावी परत मिळावी, आणि आपल्या छायाचित्राखालील ‘संपूर्ण एकांतात’ हे शब्द काढून तिथे उपस्थितांची नावे लिहावीत. तसे न झाल्यास अर्जदार हा अर्ज संघाच्या वार्षिक सभेत वाचून दाखवील. सभासद बागायतदार आहेत, सूर्य कुठून उगवतो ते त्यांना माहीत आहे. अर्ज वाचताना राही कडेवर असेल, त्यामुळे थोडा गोंगाट होईल.

८. जाता जाता कळवण्यास आनंद होतो की, आज रविवारी सकाळी नूतनवहिनी कान्हाला घेऊन आमच्याकडे आल्या आणि राहीलाही सोबत घेऊन किनाऱ्यावर गेल्या. सासूबाई माजघरात आडव्या झाल्या, घर शांत झाले. अर्जदाराने चहा केला, ओटीवर बसली आणि तो गरम असताना संपवला. मग थोडा वेळ काहीच केले नाही. मग हा अर्ज लिहिला. म्हणजे आपण खोडलेले उद्दिष्ट तेवढे पूर्ण झाले आहे.

पुढच्या रविवारी दोन्ही मुले अर्जदाराकडे राहतील आणि नूतनवहिनी आपल्या ओटीवर एकट्या बसून चहा घेतील, असे त्यांचे आणि अर्जदाराचे ठरले आहे. तरी त्या दिवशीच्या आपल्या ध्यानाचे छायाचित्र काढण्याची पर्यायी व्यवस्था आपल्या स्तरावर करण्यात यावी.

अजून तरी आपली आज्ञाधारक,

(सही)
सौ. आश्लेषा देवव्रत बापट
कनिष्ठ लिपिक
दिवेआगर, दि. १ मार्च २०२६

प्रत माहितीसाठी : मा. अध्यक्ष.

सोबत :
अ) बदलीच्या आदेशाची प्रत.
ब) आपल्या ध्यानाच्या छायाचित्राची प्रत, खालचा कोपरा मोठा करून.
क) पाचव्या उद्दिष्टाचा पुरावा : जोडलेला नाही. छायाचित्र काढायला त्या वेळी तिथे कोणी नव्हते.