एक लाख तीन

गुरुजी, तुम्ही दिलेला आकडा कशानेच भागत नाही. हे सांगायला फार उशीर झाला. तुम्हाला जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

आईबाप ऊस तोडायला जात आणि मी धाकट्या भावाला कडेवर घेऊन कारखान्याच्या तळावरच्या तुमच्या साखरशाळेत येई. एक दिवस तुम्ही फळ्यावर एक लाख तीन लिहिलंत आणि म्हणालात, एक आणि हा स्वतः सोडून याला पुरता भागणारा आकडा शोधा. दोनाने भागला तर एक उरला, तीनाने एक, साताने परत एकच. मी कंटाळले.

"गुरुजी, ह्यो कशानंच जात न्हाई."

तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "सगळे बघितलेस?"

"लाखभर हायेत की! म्हातारी व्हईन मी."

पोरं हसली, तुम्ही नाही. "मग नाही म्हणू नकोस. अजून सापडला नाही, एवढंच म्हण."

हंगाम संपला, आमच्या गाड्या गावाकडे, धारूरला निघाल्या, आणि तुमची गाठ पुन्हा पडली नाही.

पुढे लग्न झालं. तोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात, तसे आम्ही एक कोयता झालो. हे गेले आणि मी अर्धा कोयता उरले. मोळी बांधायची त्यांची ढब अजून माझ्या हातात आहे.

पाऊस नाही झाला त्या साली जनावरं घेऊन मी आणि पोरगी चारा छावणीत राहत होतो. तोडीसाठी टोळी जमवणारा मुकादम तिथेच आला.

"वैनी, अर्धा कोयता मी कुठं घालू? पोरगी हाय की जोडीला. पुरा व्हतो."

पोरगी शेणाचं घमेलं घेऊन ऐकत उभी. तिला दहावीत जायचं होतं. मी म्हणाले, सांगते मागनं.

त्या दुपारी मी तिला तुमचा आकडा दिला. का दिला, सांगता येत नाही. पेंडीच्या पोत्यावर कोळशाने ती भागाकार करत बसली. मग मान वर न करताच म्हणाली, "आये, लाखापतूर कशाला जायचं? भागणारे जोडीनं येत्यात. एक मोठा आसंल तर दुसरा बारका आसणारच. दोघं बी तीनशे सोळाच्या वर गेले, तर गुणाकार ह्याच्या फुडं जातोय."

मी तीनशे सतराला तीनशे सतराने गुणून पाहिलं. खरंच पुढे जातो. म्हणजे तीनशे सोळापर्यंत कुणी सापडला नाही, तर पुढे कुणीच नाही. न बघितलेल्यांबद्दलही नाही म्हणता येतं, गुरुजी. हे मला ठाऊक नव्हतं.

मुकादम परत आला.

"न्हाई येणार पोरगी."

"इचार करा, वैनी. पाणी न्हाई, काम न्हाई. खाताल काय?"

"ते बघू. ती न्हाई येणार."

अवघड गेलं ते वर्ष. मग बायकांची दूध संस्था निघाली, तिथे मी सकाळी दूध मापून घेते. पोरगी बीडला कॉलेजात गणित शिकते. सुट्टीत आली की माझ्यासाठी पुस्तकं आणते. निम्मं कळतं, निम्मं विचारते.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून खरं सांगते. आकड्याचे सगळे भागाकार मी केलेले नाहीत. शंभराच्या पुढचे तिनेच केले. मी म्हशीपुढे चारा टाकत होते. ती "न्हाई जात" म्हणत गेली, आणि मी तिच्यावर विश्वास ठेवला.